डिप्रेशनसाठी टीडीसीएस: डोक्याला सौम्य वीजप्रवाह देण्याच्या उपचाराबद्दल माहिती आणि अनुभव हवे आहेत

मेघना_वाचते

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला बऱ्याच काळापासून डिप्रेशन आहे. गोळ्या चालू आहेत, समुपदेशकाकडे जाणंही चालू आहे. फरक पडलाय, पण अर्धाच. तो उठतो, अंघोळ करतो, कामावर जातो, विचारलं तर उत्तर देतो. पण संध्याकाळी घरी आला की बूटही न काढता खुर्चीत बसतो आणि कुणी हाक मारेपर्यंत तसाच बसून राहतो. हाच मुलगा पूर्वी बुद्धिबळाच्या एका डावापायी जेवण विसरायचा.

आता त्याच्या सायकिॲट्रिस्टनी टीडीसीएस सुचवलं आहे. गोळ्या बंद करायच्या नाहीत, जोडीला हे करून बघू, असं त्या म्हणाल्या. डोक्याला दोन इलेक्ट्रोड लावून अर्धा तास अगदी कमी दाबाचा वीजप्रवाह देतात, भूल वगैरे लागत नाही, एवढं कळलं. घरी आईने 'वीज' हा शब्द ऐकला आणि ती रडायलाच लागली. काकांनी 'म्हणजे शॉकच की' म्हणून विषय संपवला. भाऊ म्हणाला, "करा काय करायचं ते." मला या वाक्याची काळजी जास्त वाटते.

माझे प्रश्न: हे नेमकं करतं काय? शॉकपेक्षा वेगळं कसं? खरंच उपयोग होतो का? घरी वापरायची यंत्रं नेटवर दिसतात, ती घ्यावीत का? ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. तुटक वाचून डोकं भणभणलं आहे.

विद्युल्लता

मेघना, मी डॉक्टर नाही, इलेक्ट्रॉनिक्सवाली आहे. पण वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे विजेची बाजू सांगू शकते. आईंना समजावताना कदाचित तीच उपयोगी पडेल.

टीडीसीएसमध्ये साधारण २ मिलिअँपिअर प्रवाह असतो. ईसीटीमध्ये, म्हणजे काका ज्याला शॉक म्हणतात त्यात, तो ८०० मिलिअँपिअरच्या आसपास असतो, छोट्या छोट्या स्पंदांमध्ये आणि मोजके सेकंद. ईसीटीचा हेतूच मुळी मेंदूत नियंत्रित झटका, म्हणजे फिट, आणणं हा असतो, म्हणून भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध देतात. टीडीसीएसमध्ये झटका येत नाही, यावा अशी अपेक्षाही नसते. माणूस जागा असतो, बोलत असतो, पुस्तक वाचत असतो.

शिवाय तो २ मिलिअँपिअर सगळा मेंदूत जात नाही. टाळूची त्वचा विजेला चांगली वाट देते आणि कवटी अडवते, त्यामुळे बराचसा प्रवाह एका इलेक्ट्रोडकडून दुसऱ्याकडे त्वचेवरूनच निघून जातो. २०१८ साली मृतदेहांवर मोजमाप करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात सुमारे तीन चतुर्थांश प्रवाह त्वचा, मऊ ऊती आणि कवटीतच खर्ची पडतो असं दिसलं. मेंदूच्या पृष्ठभागावर जे विद्युतक्षेत्र पोचतं ते दर मीटरला एक व्होल्टच्याही खाली असतं.

एवढ्याने चेतापेशी पेटत नाही. तिच्या आवरणावर जो विद्युतदाब आधीच असतो तो किंचित सरकतो, इतकंच. ॲनोडच्या, म्हणजे धन इलेक्ट्रोडच्या, खाली पेशी जरा जास्त तयारीत येतात, कॅथोडच्या, म्हणजे ऋण इलेक्ट्रोडच्या, खाली जरा कमी. झोपाळ्यावर आधीच झोके घेणाऱ्याच्या पाठीला हलका हात लावावा तसं हे आहे. झोपाळा थांबलेला असेल तर त्या हाताने फारसं काही होत नाही. म्हणून प्रवाह चालू असताना माणूस काय करतोय, मेंदूचा तो भाग कामात आहे की नाही, यालाही महत्त्व असावं असं संशोधक मानतात.

वैद्यसखा

विद्युल्लता यांनी छान लिहिलं आहे. मी मनोविकारतज्ज्ञ आहे. भावाला तपासलेलं नसल्याने त्याच्याबद्दल मत देणार नाही, उपचाराबद्दल लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण ती राहून जाते. भावाच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, 'करा काय करायचं ते' यामागे तसं काही असेल, तर ते आजच त्याला थेट विचारा आणि डॉक्टरांना सांगा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. टीडीसीएसचा परिणाम दिसायला आठवडे लागतात आणि असा धोका असताना आठवडे थांबायचं नसतं. तिथे ईसीटीसारखा लवकर आणि जोरकस काम करणारा उपचार लागू शकतो. ईसीटी १९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी सुरू केली तेव्हा ती भुलीशिवाय देत असत. तिच्याबद्दलची भीती त्या काळातली आहे, आजची पद्धत तशी राहिलेली नाही. तेव्हा टीडीसीएसची बाजू घेताना घरच्यांसमोर ईसीटीला राक्षस ठरवू नका. उद्या कुणाला तिची गरज पडली तर तीच भीती आडवी येते.

दोन्हींच्या मध्ये टीएमएस आहे. त्यात इलेक्ट्रोड नसतात. डोक्याजवळ धरलेल्या कॉइलमधून चुंबकीय स्पंद सोडतात आणि त्यामुळे मेंदूत वीज तयार होऊन पेशी प्रत्यक्ष चेततात. १९८५ मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर यांच्या गटाने ते पहिल्यांदा दाखवलं, २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरण नियामक संस्थेने, डिप्रेशनसाठी मोकळीक दिली. औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनसाठी टीएमएसचा पुरावा टीडीसीएसपेक्षा भक्कम आहे. पण यंत्र मोठं आणि महाग असतं, रोज केंद्रात जावं लागतं.

टीडीसीएसचं लक्ष्य कपाळाच्या डाव्या बाजूचा, भुवईच्या बराच वर आणि जरा मागे असलेला भाग असतो. डॉर्सोलॅटरल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. आखणी, निर्णय, लक्ष, भावनेला आवर घालणं यात त्याचा सहभाग असतो आणि डिप्रेशनमध्ये त्याचं काम मंदावलेलं अनेक अभ्यासांत दिसतं. ॲनोड तिथे लावतात, कॅथोड उजव्या बाजूला. कल्पना सरळ आहे, पण मेंदू सरळ नाही. ही सगळी मांडणी अजून तपासली जात आहे.

तळ्यात_मळ्यात

मी संशोधनात संख्याशास्त्र करतो, म्हणून 'उपयोग होतो का' या प्रश्नाला हात घालतो. थोडं लांब होईल.

२०१३ मध्ये ब्राझीलच्या आंद्रे ब्रुनोनी यांच्या गटाने १२० रुग्णांवर चाचणी केली. चार गट: खरा प्रवाह आणि सर्ट्रालिन ही डिप्रेशनची गोळी, नुसता प्रवाह, नुसतं सर्ट्रालिन, दोन्ही खोटे. दोन्ही एकत्र मिळालेला गट सगळ्यांत चांगला निघाला. सर्ट्रालिनचा डोस मात्र ५० मिलिग्रॅमच होता, ही गोष्ट ध्यानात ठेवा. २०१७ मध्ये त्याच गटाने २४५ रुग्णांवर मोठा सामना लावला, टीडीसीएस विरुद्ध एस्सिटॅलोप्राम ही डिप्रेशनची दुसरी गोळी. डिप्रेशनची तीव्रता मोजणाऱ्या हॅमिल्टन मापनावर एस्सिटॅलोप्रामवाले सरासरी ११.३ गुणांनी सुधारले, टीडीसीएसवाले ९ गुणांनी, खोट्या उपचारावरचे ५.८ गुणांनी. म्हणजे टीडीसीएस खोट्या उपचाराहून सरस ठरलं, पण गोळीच्या तोडीचं आहे हे सिद्ध झालं नाही.

२०२० मध्ये नऊ चाचण्यांतल्या ५७२ जणांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. लक्षणं निम्म्याने तरी उतरलेले खऱ्या प्रवाहात ३०.९ टक्के, खोट्यात १८.९ टक्के. फरक आहे, पण छोटा. साधारण नऊ जणांना दिलं तर एकाला जास्तीचा फायदा, असा त्याचा अर्थ.

मग २०२३ मध्ये जर्मनीतल्या आठ केंद्रांवरची चाचणी आली आणि मेघना, ती तुमच्या भावाच्या परिस्थितीच्या सगळ्यांत जवळची आहे. रुग्ण आधीच एसएसआरआय गटातल्या (सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम याच गटातल्या) गोळ्यांवर होते, टीडीसीएस जोडीला दिलं. सहा आठवड्यांनी, इथे वापरलेल्या वेगळ्या मापनावर, खरा प्रवाह मिळालेले ८.२ गुणांनी सुधारले आणि खोटा मिळालेले ८ गुणांनी. फरक नाहीच म्हणायचा.

२०२४ मध्ये घरी वापरायच्या यंत्रांच्या दोन चाचण्या आल्या आणि त्यांचे निकाल एकमेकांच्या उलट आहेत. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या १७४ जणांच्या चाचणीत दहा आठवड्यांनी खऱ्या गटातले ४४.९ टक्के लक्षणमुक्त झाले, खोट्यातले २१.८ टक्के. ब्राझीलमधल्या २१० जणांच्या चाचणीत खऱ्या-खोट्यात फरक सापडला नाही. पहिलीत व्हिडिओवरून संशोधक रुग्णांच्या संपर्कात होते, दुसरीत रुग्ण कोणाच्याही देखरेखीशिवाय घरी स्वतःच करत होते. फरक यामुळेच पडला असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण मी रुग्णाचा भाऊ असतो तर हा मुद्दा सोडला नसता.

स्वाती७

धाग्याला वाचनखूण लावली. माझ्या नणंदेसाठी हेच चाललं आहे आमच्याकडे.

तळ्यात_मळ्यात, खोटा प्रवाह देतात म्हणजे काय करतात? समोरच्याला कळत नाही?

तळ्यात_मळ्यात

सुरुवातीला प्रवाह हळूहळू वाढवतात, साधारण अर्धा मिनिट ठेवतात आणि गुपचूप बंद करतात. मुंग्या आणि खाज सुरुवातीलाच सगळ्यांत जास्त जाणवते, नंतर त्वचा सरावते. त्यामुळे बहुतेकांना चालू आहे असंच वाटतं. पण पडदा पूर्ण घट्ट नसतो. खऱ्या प्रवाहानंतर कपाळावर लालसर डाग जास्त दिसतो. वर सांगितलेल्या १७४ जणांच्या चाचणीत खऱ्या गटातल्या बहुतेकांनी आपल्याला खरा प्रवाह मिळतोय हे बरोबर ओळखलं होतं. आपल्याला खरा उपचार मिळतोय हे कळल्यावर आशा वाढते आणि डिप्रेशनमध्ये आशा वाढण्याचा स्वतःचा परिणाम असतो. टक्केवारी वाचताना हे वजा करून वाचावं लागतं.

पुन्हा_उभा

मी हे घेतलं आहे, म्हणून लिहितो. सहसा लिहीत नाही.

केंद्रात जायचो. तिथल्या ताई आधी माझ्या कपाळाची त्वचा बघायच्या, कुठे फुटकुळी, ओरखडा आहे का. मग फीत घेऊन डोकं मोजायच्या: नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. पेनने बारीक खूण करायच्या. स्पंज सलाईनमध्ये भिजवून असा पिळायच्या की ओला राहील पण गळणार नाही. पाणी ओघळून दोन्ही स्पंज ओल्या केसांनी जोडले गेले तर प्रवाह तिथूनच निघून जातो, असं त्यांनी सांगितलं होतं. केस बाजूला सारून स्पंज टाळूला नीट टेकला की रबरी पट्टा.

बटण दाबल्यावर आधी मुंग्या, मग खाज, बारीक सुया टोचल्यासारखी. दोन-तीन मिनिटांत कमी व्हायची. एकदा डाव्या स्पंजची कड वाळली होती आणि तिथेच टोकदार चटका बसायला लागला. मी सांगितलं, त्यांनी लगेच प्रवाह उतरवला, स्पंज पुन्हा भिजवला. तरी नखाएवढा लाल ठिपका बरेच दिवस राहिला. मेघनाताई, भावाला हे सांगून ठेवा: टोचलं तर सोसायचं नाही, बोलायचं. आपल्या आजारात माणूस बोलत नाही. मला वाटायचं, ताईंना कशाला त्रास द्यायचा.

परिणाम म्हणाल तर पहिल्यांदा आनंद वगैरे काही परत आला नाही. पहिल्यांदा चिडचीड परत आली. न्हाणीघरातला नळ कित्येक महिने ठिबकत होता आणि मला त्याचं काहीच नव्हतं. एका सकाळी त्या आवाजाचा राग आला, मी पाना शोधला आणि वायसर बदलला. बायको दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, तू आज काहीतरी केलंस.

हे प्रवाहाने झालं, गोळीचा डोस वाढवला होता त्याने झालं, की रोज ठरलेल्या वेळी कपडे करून घराबाहेर पडावं लागत होतं आणि कुणीतरी नावाने हाक मारून 'आज कसं वाटतंय' विचारत होतं त्याने झालं, मला सांगता येणार नाही. मी हे सगळंच पुन्हा करीन.

स्वाती७

पुन्हा_उभा, नळाचं वाचून गलबललं. लिहिल्याबद्दल खूप आभार.

कोरा_कागद

चांगली चर्चा. पण मला एक समजत नाही. प्रवाह इतका कमी, धोका इतका कमी, सर्किट तर शाळकरी मुलगा बनवेल असं. मग केंद्रात खेटे कशाला? मी स्वतः नेटवरचे आराखडे पाहून बनवायच्या विचारात आहे. मलाही बरेच महिने मनासारखं वाटत नाहीये. डॉक्टरकडे जायची तयारी नाही सध्या.

विद्युल्लता

कोरा_कागद, मनापासून सांगते, नका बनवू. कारणं देते.

घरगुती सर्किटमध्ये बहुधा व्होल्टेज स्थिर असतं, प्रवाह नाही. स्पंज वाळला, पट्टा सरकला की त्वचेचा अवरोध बदलतो आणि प्रवाहही बदलतो. वैद्यकीय यंत्र दर क्षणाला अवरोध मोजतं, प्रवाह स्थिर ठेवतं, संपर्क सुटला तर स्वतः थांबतं, आणि सुरुवात-शेवट हळूहळू करतं. चालू असताना तार निसटली तर डोळ्यांसमोर लख्खकन चमकतं आणि दचकायला होतं. दुसरं म्हणजे त्वचा. ५ बाय ७ सेंटिमीटरच्या स्पंजवर २ मिलिअँपिअर पसरले तर दर चौरस सेंटिमीटरला ०.०६ सुद्धा येत नाही. पण स्पंजचा एकच कोपरा टेकला असेल तर तेवढाच प्रवाह त्या चिमूटभर जागेतून जातो आणि खरोखर भाजतं. नळाचं पाणी वापरल्यानेही त्वचेला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

आणि 'थोड्याने बरं वाटतं तर जास्त घेऊ' हे इथे चालत नाही. २०१३ च्या एका प्रयोगात कॅथोडखाली २ मिलिअँपिअर प्रवाह २० मिनिटं दिला, तर पेशी शांत व्हायच्या त्या उलट जास्त उत्तेजित झाल्या. कमी प्रवाहाला शांत होतात, तर वाढवल्यावर दिशाच पालटली.

वैद्यसखा

विद्युल्लतांना पूर्ण अनुमोदन. २०१६ मध्ये या क्षेत्रातल्याच संशोधकांनी घरी स्वतः प्रयोग करणाऱ्यांना एक खुलं पत्र लिहिलं होतं, क्षेत्रातल्या इतर संशोधकांनीही त्यावर सह्या केल्या होत्या. दटावणीचा सूर नव्हता त्यात. प्रवाह फक्त इलेक्ट्रोडखालीच राहत नाही, परिणाम माणसागणिक वेगळा असतो, एक क्षमता वाढवताना दुसरी उतरू शकते, आणि झालेले बदल किती टिकतील ते माहीत नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. क्षमता उतरण्याचा मुद्दा कल्पनेतला नाही. २०१३ च्या एका अभ्यासात मेंदूच्या एका भागाला प्रवाह दिल्यावर नवी अंकचिन्हं लवकर शिकता आली, पण शिकलेलं आपसूक वापरण्याचा सराव बिघडला. दुसऱ्या भागाला दिल्यावर नेमकं उलट झालं.

धोका कमी आहे हे खरंच आहे. २०१६ च्या एका आढाव्यात ३३,२०० हून जास्त सत्रं तपासली, त्यात नेहमीच्या मर्यादेत दिलेल्या टीडीसीएसमुळे गंभीर इजा झाल्याची नोंद नव्हती. पण ती सत्रं तपासून निवडलेल्या माणसांवर, नीट यंत्राने, कुणाच्या तरी नजरेखाली झालेली होती. ती सुरक्षितता घरच्या सर्किटला लागू होत नाही.

आता दुसरं, आणि मला हेच जास्त महत्त्वाचं वाटतं. बरेच महिने मनासारखं वाटत नाही असं तुम्ही लिहिलंत. ते थायरॉइडमुळे असू शकतं, रक्तक्षयामुळे असू शकतं, झोपेच्या विकारामुळे असू शकतं, दुसऱ्या कुठल्या औषधामुळे असू शकतं. डिप्रेशन असेल तर ते साधं आहे की बायपोलरचा, म्हणजे उदासी आणि अति उत्साह आलटून पालटून येणाऱ्या आजाराचा, एक टप्पा, हे ठरवावं लागतं. यातलं काहीही इलेक्ट्रोड सांगत नाही. मनोविकारतज्ज्ञाकडे जायला जड जात असेल तर नेहमीच्या डॉक्टरकडे जा, 'मला बरं वाटत नाहीये' एवढंच म्हणा. पुढचं ते विचारतील. आणि इथे लिहीत राहा, आम्ही वाचतोय.

अदिती_र

बायपोलरचा उल्लेख आला म्हणून लिहिते. माझ्या बहिणीला एका केंद्रात डिप्रेशन म्हणून टीडीसीएस सुरू केलं. गोळीही चालू होती. पूर्वी कधी खूप उत्साहाचा काळ येऊन गेला होता का, घराण्यात कुणाला होतं का, हे कुणी विचारलं नाही. आमच्या मावशीला होतं. तिसऱ्या आठवड्यात बहीण पहाटे चारला उठून कपाटं लावायला लागली. भरभर बोलायची, दमायची नाही. आम्हाला वाटलं उपचार लागू पडला! सगळे खूश. मग तिने एका दिवसात न झेपणारी कर्जाऊ खरेदी केली आणि हटकल्यावर आरडाओरडा. तो मॅनिया होता. दुसऱ्या डॉक्टरांनी टीडीसीएस थांबवून औषधं बदलली, आता ती सावरली आहे.

केंद्राचं नाव लिहिणार नाही. एवढंच सांगायचंय की घरच्यांनी झोपेवर लक्ष ठेवा. झोप कमी होऊनही थकवा नसेल तर ती सुधारणा समजू नका.

वैद्यसखा

अदिती, फार मोलाचं लिहिलंत. याच्या नोंदी चाचण्यांतही आहेत. २०१३ च्या त्या १२० जणांच्या चाचणीत मॅनिया किंवा त्याचं सौम्य रूप असलेल्या हायपोमॅनियाचे सात प्रसंग घडले, त्यातले पाच गोळी आणि प्रवाह एकत्र मिळालेल्या गटातले. २०१७ च्या चाचणीतही टीडीसीएस गटात दोघांना नव्याने मॅनिया झाला. प्रमाण कमी आहे, पण जोडीला गोळी असताना बघायला हवंच.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. टीडीसीएसचा सत्रानंतर टिकणारा परिणाम मेंदूतल्या एनएमडीए ग्राहींवर, म्हणजे चेतापेशींवरच्या संदेश घेणाऱ्या एका प्रकारच्या रेणूंवर, अवलंबून असतो. डेक्स्ट्रोमेथॉर्फन, जे कित्येक खोकल्याच्या औषधांत असतं, त्याने तो पुसला गेल्याचं प्रयोगात दिसलं आहे. झोपेसाठी किंवा घाबरण्यासाठी देतात त्या बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्यांनी फायदा घटत असावा असे संकेत आहेत, फिटसाठीच्या काही औषधांचंही तसंच. म्हणून स्वतःहून गोळी बंद करायची नाही, अचानक तर नाहीच. यादी घेऊन जायचं, खोकल्याच्या सिरपसकट.

मेघना_वाचते

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. विद्युल्लता, तुमचा पहिला प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. ८०० आणि २ ऐकल्यावर ती म्हणाली, "मग एवढ्याशाने होणार काय?" म्हणजे भीती गेली, आता शंका आली. शंका चालेल.

भावाला मी थेट विचारलं, वैद्यसखा, तुम्ही म्हणालात तसं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला की तसे विचार पूर्वी यायचे, आता येत नाहीत, पण बरं होण्याची आशा धरायचा कंटाळा आलाय. हे डॉक्टरांना सांगू का म्हटलं, तर हो म्हणाला. सांगितलं.

मग तळ्यात_मळ्यात यांचा जर्मनीचा मुद्दा घेऊन डॉक्टरांकडे गेले. मला वाटलं होतं त्या रागावतील. उलट त्या म्हणाल्या, ही चाचणी त्यांना माहीत आहे आणि म्हणूनच त्या मोठं वचन देत नाहीयेत. भाऊ आजवर एकाच गोळीवर राहिला आहे आणि तिचा डोसही पुरता वाढवून झालेला नाही. त्यामुळे आधी डोस वाढवायचा, समुपदेशनात रोजच्या हालचालीचं वेळापत्रक घ्यायचं, आणि सहा आठवड्यांनी मोजमाप करून टीडीसीएसचं ठरवायचं असं आता चाललं आहे. टीएमएसही पर्याय म्हणून ठेवलाय. घरगुती यंत्र नको, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं.

मावशी, आत्या, सगळ्या घराण्याची चौकशी केली. कुणाला बायपोलर नाही, आम्हाला कळण्याइतपत तरी. अदिती, तुझ्यामुळे विचारलं.

तळ्यात_मळ्यात

तुमच्या डॉक्टर चांगल्या आहेत. एक सुचवतो: मोजमाप दर आठवड्याला एकाच वाराला, एकाच वेळेला करा आणि आधीचे आकडे न बघता भरा. डिप्रेशन आपोआपही वरखाली होतं. वाईट आठवड्यात उपचार सुरू केला तर पुढचा आठवडा तसाही बरा जाण्याची शक्यता असते आणि श्रेय उपचाराला मिळतं. डोस वाढवल्यानंतरचे आकडे आधी स्थिर होऊ द्या, मग टीडीसीएस सुरू केलंत तर कशाने काय झालं ते निदान थोडं तरी कळेल.

पुन्हा_उभा

आशा धरायचा कंटाळा, हे मला ओळखीचं आहे. भावाला म्हणावं, आशा न धरता गेलं तरी चालतं. मी तसाच जायचो. आणि बूट न काढता बसतो ना, तर तसाच त्याला फाटकापर्यंत चालवून आणा. बूट घातलेलेच आहेत.

कोरा_कागद

आज नेहमीच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. रक्त तपासायला दिलंय. सर्किट बनवणार नाही.

वैद्यसखा

कोरा_कागद, फार बरं वाटलं वाचून. रिपोर्ट आले की ते घेऊन परत त्यांच्याकडेच जा, मध्ये सोडू नका.

नवी_पालवी

उशिरा आले धाग्यावर. माझ्या वडिलांना डिप्रेशनसाठी टीडीसीएस करावं असं चाललं आहे. त्यांच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीवर पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे, आत क्लिप आहे. शिवाय कपाळावर इसब आहे. चालेल का?

वैद्यसखा

या दोन्ही गोष्टी सत्र ठरवण्याआधी सांगा, लेखी सांगा. डोक्यात धातूचं काही असणं, कवटी उघडून केलेली शस्त्रक्रिया, पेसमेकरसारखं शरीरात बसवलेलं विजेचं उपकरण, पूर्वी आलेली फिट, या सगळ्यांत बहुतेक केंद्रं टीडीसीएस देत नाहीत किंवा न्यूरोसर्जनचं मत मागतात. कवटीत जिथे छिद्र किंवा जोड असतो तिथून प्रवाह वेगळी वाट घेऊ शकतो, त्यामुळे नेहमीचा हिशोब तिथे लागू पडत नाही. शस्त्रक्रियेचे कागद आणि क्लिप कोणत्या धातूची आहे ते लिहिलेलं कार्ड मिळालं असेल तर तेही सोबत न्या. कपाळावरचा इसब आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून बरा होऊ द्या. फुटलेल्या किंवा सुजलेल्या त्वचेवर इलेक्ट्रोड लावत नाहीत. तोवर वडिलांचे बाकीचे उपचार थांबवू नका.